सीके वन (केल्विन क्लाइनचा परफ्यूम): उन्हाळ्यात टिकतो का? मूड कसा आहे?

प्रश्न: ऑफिससाठी हलका, दोघांनाही चालेल असा सुगंध हवाय. फुलं-फळं हवीत, पण गोडमिट्ट नको. सीके वन कसा?

प्रतिसाद १: १९९४चा आहे, पण आजही ताजा वाटतो. सुरुवातीला बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ), लिंबू, अननस आणि पपई. मग जाई, व्हायोलेट. शेवटी कस्तुरीसारखा मस्क. फळं रसाळ नाहीत, नुसती ओलसर. एकूण मूड नुकत्याच धुतलेल्या सुती शर्टाचा. अतिशय सभ्य.

प्रतिसाद २: टिकण्याची अपेक्षा कमी ठेवा. हा ओ द् त्वालेत, म्हणजे कमी अर्काचा हलका प्रकार आहे, आणि लिंबूवर्गीय तेलं सर्वांत आधी उडतात. उन्हात तर लगेचच. अंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, त्यावर मानेला, छातीला दोन-तीन फवारे. मनगटं घासू नका. शर्टावर मारायचा तर वीतभर अंतरावरून. रेशमावर नको, डाग पडतो.

प्रतिसाद ३: एक भर. तासाभरात ‘उडाला’ वाटलं तरी लगेच पुन्हा मारू नका. नाक मस्कला सरावतं, शेजारच्याला वास येतच असतो. बाटली बाथरूममध्ये किंवा गाडीत ठेवू नका, उष्णतेने वरचे लिंबू-फळांचे वास आधी बिघडतात. दुकानात कागदी पट्टीवर ठरवू नका, त्वचेवर तासभर तरी राहू द्या.