मदत हवी आहे: श्रावणी शनिवार, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही भाग, १२ माणसं, आणि मलाही सिनेमा बघायचाय

घोडबंदरची

नमस्कार मंडळी,

श्रावणातल्या एका शनिवारी आमच्याकडे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही भाग एका बैठकीत बघायचं ठरलंय. घर ठाण्यात, घोडबंदर रोडला, दोन बेडरूमचं. माणसं १२. कॉलेजच्या मैत्रिणी आणि त्यांचे नवरे, आमच्या ह्यांच्या ऑफिसमधले दोघं, नणंद आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा, शिवाय सासूबाई. त्या "मी आपली बसेन जरा वेळ" म्हणाल्यात, म्हणजे शेवटपर्यंत बसणार. रविवार मुद्दाम टाळलाय. निम्मी मंडळी ऐरोली आणि डोंबिवलीहून लोकलने येणार, आणि रविवारी मेगाब्लॉक पाचवीला पुजलेला.

थिएटरमध्ये लागल्या होत्या त्याच आवृत्त्या बघणार. १७८, १७९ आणि २०१ मिनिटं, म्हणजे एकूण ९ तास १८ मिनिटं. सकाळी साडेनऊला सुरू करायचा विचार आहे. खाणंही सिनेमातलंच हवं असा सगळ्यांचा आग्रह आहे. सिनेमातले ते बुटके हॉबिट लोक दिवसातून सहा-सात वेळा खातात हे कुणीतरी ग्रुपवर टाकलं आणि तिथून सगळं वाढत गेलं.

आता अडचणी. श्रावणात आमच्याकडे कांदा-लसूण नाही, मांस-मच्छी तर नाहीच. एक मैत्रीण जैन आहे, तिचा चातुर्मास: कंदमुळं नाहीत, पालेभाज्या नाहीत, सूर्यास्तानंतर जेवण नाही. सासूबाईंचा शनिवारचा उपास. म्हणजे एकीचा उपास बटाट्यावर चालतो आणि दुसरीला बटाटाच चालत नाही. आणि हॉबिटांचं सगळं प्रेम बटाटे आणि मशरूमवर!

खरी गोष्ट मात्र वेगळी आहे. आमच्याकडे पाहुणे आले की मी ओट्यापाशी आणि बाकीचे हॉलमध्ये, मला आतून नुसते तलवारींचे आवाज. या वेळी तसं नकोय. गरमागरम पुऱ्या तळून वाढणं वगैरे सुचवू नका प्लीज. मेनू सुचवा, सिनेमातल्या टोकदार कानांच्या एल्फ लोकांची ती पानात गुंडाळलेली लेंबास भाकरी कशी करायची ते सांगा, आणि टीव्ही बरा की भाड्याचा प्रोजेक्टर तेही.

शायरनिवासी

पहिली गोष्ट, एक्स्टेंडेड, म्हणजे वाढीव प्रसंगांची आवृत्तीच बघा. थिएटरवाली म्हणजे निम्मी मजा. आणि तारीख २२ सप्टेंबर ठेवा, बिल्बो आणि फ्रोडो या दोन्ही हॉबिटांचा वाढदिवस असतो.

घोडबंदरची

एक्स्टेंडेड ११ तासांच्या वर जाते हो. जेवणं धरली तर शेवटची लोकल चुकेल. आणि सप्टेंबरात गणपती, पितृपक्ष किंवा नवरात्र यातलं काहीतरी दारात असतंच.

खमंग

ताई, सात जेवणं हा आकडा बघून घाबरू नका. हॉबिट म्हणजे मुळात इंग्लंडच्या खेड्यातली खाऊन-पिऊन सुखी माणसं. ब्रेड, लोणी, चीज, फळं, केक, चहा. यातलं अर्धं तर शिजवायचंच नाही. माझा नियम एकच: गॅस दिवसातून दोनदा पेटवायचा, एकदा दुपारच्या जेवणाला आणि एकदा संध्याकाळी. बाकी सगळं डब्यातून फिरवायचं, सिनेमा न थांबवता.

पहिली न्याहारी सगळ्यांनी घरून करून या, असं निमंत्रणातच लिहा. अकराच्या सुमाराला दुसरी न्याहारी: ब्रेड, पांढरं लोणी, चीजचे तुकडे, पेर, सफरचंद, केळी. लोण्यासोबत मध ठेवाल तर बाजूला गुळाचा पाकही ठेवा, जैन लोक मध खात नाहीत. ब्रेड चालतो का तेही मैत्रिणीला आधी विचारा, चातुर्मासात काही जण टाळतात.

दुपारी सॅम हॉबिटचा स्ट्यू. त्याच्यात ससा असतो, तुमच्यात कच्ची केळी. थट्टा नाही, उकडलेल्या कच्च्या केळ्याला बटाट्यासारखाच पिठूळपणा असतो आणि रश्शात ते विरघळत नाही. सोबत फरसबी, मटार, दुधी. गाजर घालू नका, तेही कंद. तमालपत्र, मिरी, दोन लवंगा, नारळाचं पातळ दूध. जाड दूध अगदी शेवटी घाला आणि मग उकळी येऊ देऊ नका, फाटतं. भाज्या शुक्रवारी रात्री चिरून फ्रीजमध्ये ठेवा. नारळाचं दूध मात्र शनिवारीच काढा, पावसाळी हवेत ते लवकर आंबतं.

इंग्रजी वासासाठी थाइम शोधत मॉल पालथे घालू नका. थाइमला वास देणारं थायमॉल आपल्या ओव्यातही असतं. तुपात चिमूटभर ओवा तडतडवा, काम झालं.

बटाटे वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने. उकडून, तूप-जिरं-सैंधव लावून ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये खरपूस करा. सासूबाईंनाही तेच चालतील. मशरूमवर सरळ फुली मारा, ती जैन मैत्रिणीला चालायची नाहीत आणि श्रावणात तुमच्याकडेही कुणी नाक मुरडेल.

चार-सव्वाचारला चहा, नानकटाई, केक. केक अंड्याविना, हे सांगायला नकोच.

आजीची_फोडणी

लेंबाससाठी कुकीज-बिकीज कशाला? प्रवासात चार दिवस टिकणारी, थोडी खाल्ली तरी पोटाला आधार देणारी भाकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. दशमी कर. पाण्याचा थेंब न लावता दुधात भिजवायची, म्हणून तर ती टिकते.

कणीक दोन वाट्या, चिरलेला गूळ अर्धी वाटी, दोन चमचे तुपाचं मोहन, वेलची, किंचित मीठ. गूळ कोमट दुधात विरघळव. दूध कडकडीत असेल तर नासेल. घट्ट मळ, भाकरीपेक्षा थोडी जाड लाट, सुरीने चौकोन काप आणि मंद आचेवर तूप सोडून दोन्हीकडून भाज. शुक्रवारी करून ठेवलीस तर शनिवारी जास्त चांगली लागते. सासूबाईंसाठी राजगिऱ्याच्या पिठाची वेगळी कर, उकडलेला बटाटा घालून मळलीस की थापता येते. त्यात मीठ सैंधवच. तो गोळा जैन मैत्रिणीच्या दशम्यांपासून लांब ठेव.

केळीची पानं श्रावणात कुठेही मिळतील, जांभळी नाक्यावर ढिगाने असतात. पान आधी गॅसवरून अलगद फिरव, म्हणजे दुमडताना चिरत नाही. केळीच्या सोपाने बांध. एकेकाच्या हातात एकेक पुडी दे, वाढायची भानगडच नाही.

आणि एक सुचवू का? खाणं आणि जादू एकत्र बघायचं तर १९५७ चा तेलुगू 'मायाबाजार' लावा. एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच लग्नाची अख्खी पंगत एकटा फस्त करतो. गोष्ट आपल्या वत्सलाहरणाची, तुझ्या सासूबाईंना तोंडपाठ असेल.

घोडबंदरची

काकू, दशमी! हे मला का सुचलं नाही? आई करायची, गाडीत बसलं की पहिली तीच बाहेर निघायची. सासूबाईंना 'मायाबाजार'चं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तुमचा तो जादूगार राहू दे, हाच लावा. पुढच्या खेपेला नक्की.

खमंग, गॅसचा नियम आवडला. फ्रीजवर लिहून चिकटवते.

चौकस

वेळेचं गणित जुळत नाहीये. ऑगस्टमध्ये आपल्याकडे सूर्यास्त सात-सव्वासातला होतो. साडेनऊला सुरू केलंत तर पहिला भाग साडेबाराला संपेल. पाऊण तास जेवण, सव्वाएक ते सव्वाचार दुसरा. चहा, मग पावणेपाचला तिसरा. तो सलग बघितलात तर आठ वाजून जातात आणि तोवर तुमच्या मैत्रिणीची जेवणाची वेळ टळलेली. म्हणून सव्वासहाला थांबा, सगळ्यांनीच जेवून घ्या, सातला परत लावा. नऊच्या आत संपतो. एकटीला आधी ताट वाढून बाकीच्यांनी नंतर जेवायचं, हे बरं दिसत नाही.

आणि श्रावणी शनिवारी सासूबाई मारुतीला जाणार असतील ना? साडेनऊपर्यंत परत येतात का ते विचारून घ्या.

घोडबंदरची

आठला परत असतात. पण तुम्ही विचारलंत ते बरं झालं, तेलाची बाटली आदल्या दिवशीच भरून ठेवीन. सव्वासहाचं पटलं. तेव्हा काय वाढू? उपासही तेव्हाच सुटेल.

खमंग

संध्याकाळी मॉर्डॉर, सिनेमातला तो खलनायकाचा देश! काळं आणि लाल. नाचणीची भाकरी नको, ती ऐन वेळी थापावी लागेल. नाचणीची इडली करा, पीठ आदल्या रात्री आंबवून ठेवा, तिसरा भाग लावायच्या आधी पात्र गॅसवर चढवा. वाफवून कॅसरोलमध्ये काढल्या की तासभर ऊबदार राहतात. सोबत टोमॅटोचं लालभडक सार आणि लाल मिरचीची चटणी, लसणाऐवजी भाजलेले तीळ घालून. शेजारी दहीभात, कारण आठ तास खाल्ल्यावर पोटाला तोच गोड लागतो. उपास सोडायलाही उत्तम.

वाशीकर

टीव्हीच बरा. दिवसा प्रोजेक्टर म्हणजे काळे पडदे हवेत, नाहीतर पांढऱ्या भिंतीवर भुतं हलल्यासारखी दिसतात. त्यात दुसऱ्या भागातली मोठी लढाई रात्रीची, पावसातली. उजेडाच्या हॉलमध्ये तिथे काही म्हणजे काही दिसणार नाही. कुणाचा ५५ इंची टीव्ही उचलून आणता येत असेल तर आणा. गाद्या पुढे जमिनीवर, खुर्च्या मागे. सबटायटल चालू ठेवा, एल्फ भाषेत बोलतात तिथे तर लागतातच, आणि डबा फिरताना एखादा संवाद ऐकू आला नाही तरी अडत नाही. वूफर फरशीवर ठेवू नका, खाली जाड सतरंजी घाला, खालच्या मजल्यावरचे दुवा देतील. एअर फ्रायर आणि इंडक्शन एकाच बोर्डावर लावू नका.

ताटं धुवायला बसू नका. थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहेच, सुपारीच्या पानांच्या प्लेट घ्या. त्या दिसतातही एल्फांच्या घरच्यासारख्या.

मुसाफिर

सहा वर्षांच्या मुलासाठी: महाकाय कोळी तिसऱ्या भागात आहे. पुस्तकात तो प्रसंग आधी येतो, पण सिनेमात पुढे ढकललाय. त्या वेळेला त्याला खाली सायकलवर पाठवा, पाऊस असेल तर आतल्या खोलीत आजीबरोबर पत्ते. काळे घोडेस्वार पहिल्या भागात बरेच लवकर येतात, तेव्हा मांडीवर घेऊन बसा.

घोडबंदरची

हे नणंदेला आत्ताच कळवते. आजी उठायच्या नाहीत, पत्ते मामाच खेळेल, त्याचे सिनेमे बघून झालेत.

शेवटचं विचारते. सरायीतला तो मोठ्या मगातला एल, म्हणजे त्यांची बिअर, कशाने दाखवू? घरी काचेचे मग आहेत.

खमंग

सुंठ, गूळ, लिंबू, वरून सोडा. ओलं आलं नको, जैन मैत्रिणीला सुंठ चालते. गुळामुळे रंगही बरोबर येतो. गुळाचा पाक शुक्रवारी करून बाटलीत भरा, मगात दोन चमचे आणि वर सोडा. फेस बसायच्या आत हातात द्या.

घोडबंदरची

आणि संध्याकाळी लाल पेय म्हणून कोकम? आगळ किती आणू?

आजीची_फोडणी

मोठ्या पेल्याला चार छोटे चमचे आगळ धर. १२ जणांना दोनदा द्यायचं तर अर्ध्या लिटरची बाटली पुरे. वरून मीठ घालू नकोस, आगळात असतंच, आणि ते साधं मीठ असतं. सासूबाईंना उपास सुटायच्या आधी हवं असेल तर साखरेतलं अमृत कोकम आण, पण लेबलवर मीठ लिहिलंय का बघून घे.