ओळखीचा रस्ता सुरक्षित की बदलता रस्ता?

काजळीकाठ :
सायकलने महाविद्यालयात किंवा कामावर जाणाऱ्या मुलींना वाटेतली छेडछाड टाळण्यासाठी एक सल्ला हमखास मिळतो, तो म्हणजे रोज वेळ बदला, रस्ता बदला. हा सल्ला मोठ्या शहरांतून आलेला आहे आणि रत्नागिरीत तो उलटा पडतो, असे माझे मत आहे. बाजारपेठेतून मारुती मंदिराकडे जायचे तर चढ टळत नाही, पावस गावाच्या बाजूला जायचे तर भाट्याच्या पुलावरूनच जावे लागते. रस्ता बदलायचा म्हणून एखाद्या आतल्या वाटेला लागावे, तर दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे म्हणजे कुंपणाच्या भिंती, वर आंब्याच्या कलमांची गच्च सावली, आणि मागून मोटारसायकल आली तर बाजूला व्हायला हातभर जागा नाही. त्यापेक्षा ठरलेल्या वेळी हमरस्त्याने जावे आणि वाटेतले रिक्षावाले, टपरीवाले, मासळी घेऊन बसणाऱ्या बायका यांना आपला चेहरा व आपली सायकल ओळखीची करून द्यावी. धावत्या गाडीवरून अंगाला हात लावून पळणाऱ्याला गर्दीची भीती नसते, पण त्या गर्दीतले कोणी तरी ‘हा अमक्याचा मुलगा’ म्हणून ओळखेल, ही धास्ती त्याला नक्की असते.

सड्यावरचा :
आपले म्हणणे वाटेत हात मारून पळणाऱ्यापुरते मान्य करता येईल. पाळत ठेवणाऱ्याला मात्र तुमचे वेळापत्रकच हवे असते. चढावर सायकलचा वेग चालण्याइतका होतो आणि रोज पावणेसातला तुम्ही त्याच वळणावर धापा टाकत असणार, एवढे कळले की त्याला आणखी काही शोधावे लागत नाही. शिवाय जानेवारीत सात वाजेपर्यंत नीट उजाडत नाही, पावसाळ्यात वीज गेली की रस्त्यावरचे दिवेही जातात, आणि पहाटेच्या शिकवणीला मुली निघतात तेव्हा आपले ते ओळखीचे डोळे घरात झोपलेले असतात. म्हणून निदान निघण्याची वेळ तरी अर्ध्या तासाने मागेपुढे करावी.

माझ्या पुतणीच्या सायकलला मी उजव्या हाताशी आरसा लावून घेतला, कारण आपण डावीकडून चालतो आणि त्रास देणारा बहुधा उजवीकडून येतो. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करावा, म्हणजे गरज पडली तर पाय मारायला ताकद उरते. गाडी शेजारी येऊन रेंगाळू लागली तर तिच्याशी शर्यत लावू नये. मागची वाहने पाहून थांबावे, सायकल उचलून जागच्या जागी फिरवावी आणि उलट दिशेने निघावे. मोटारसायकलला वळायला रुंदी लागते, तेवढ्यात माणसांपर्यंत पोहोचता येते. उतरावेच लागले तर सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये आडवी धरावी. स्ट्राव्हासारख्या, सायकलफेरीचा मार्ग नोंदवणाऱ्या ॲपवर रोजची फेरी टाकणाऱ्यांनी सुरुवातीचे आणि शेवटचे ठिकाण लपवण्याची सोय वापरावी, नाहीतर घराचा पत्ता आपणच वाटल्यासारखे होते.

खाडीपलीकडची :
दोघांनीही एक गोष्ट सोडून दिली आहे. हे ओळखीचे डोळे नेमके काय पाहतात आणि घरी काय सांगतात? आमच्या आळीतल्या एका मुलीने वाट अडवणाऱ्या दोघांना भर रस्त्यात खडसावले. संध्याकाळपर्यंत तिच्या घरी बातमी आली ती अशी, की तुमची मुलगी पुलाजवळ मुलांशी बोलत उभी होती. तेव्हापासून सायकल पडवीत आहे आणि मुलगी काकांच्या गाडीवरून जाते. त्रास देणारे दोघे मात्र अजून तिथेच बसतात. काजळीकाठताई, आपण ज्याला संरक्षण म्हणता त्याचीच आमच्याकडे पाळत होते. आणि ओळखीचा माणूस सुरक्षित, हे गृहीतकही तपासावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या नोंदींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो.

काजळीकाठ :
ते आकडे प्रामुख्याने घर, नाते आणि शेजार यांतल्या गुन्ह्यांचे चित्र दाखवतात. भरधाव गाडीवरून हात मारणाऱ्याचा हिशेब त्यावरून मांडता येणार नाही. पडवीतल्या सायकलचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. एवढेच म्हणेन, की रस्ता बदलणाऱ्या मुलीचीही सायकल अशा घरात पडवीतच जाते.

दर्यावर्दी :
एवढी चर्चा कशाला? मुलींनी मिरचीचा फवारा जवळ ठेवावा आणि तोंडावर मारावा. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे.

सड्यावरचा :
हक्क आहे, वारा मात्र ऐकत नाही. भाट्याच्या पुलावर समोरून खारा वारा येत असताना चालत्या सायकलवरून फवारा मारला तर तो मारणाऱ्याच्याच डोळ्यांत जाईल, आणि तो मारायला हँडलवरचा एक हात सोडावा लागेल ते वेगळेच. फवारा थांबल्यावर वापरायचा, तोही वारा पाठीशी घेऊन. उतारावर तर दोन्ही हात ब्रेकवरच हवेत.

वकीलकाका :
कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विनयभंगाच्या हेतूने अंगाला हात लावणे हा कलम ७४ खालचा गुन्हा असून त्याला एक ते पाच वर्षे कारावास आहे. अश्लील बोलणे किंवा हावभाव करणे कलम ७९ मध्ये येते आणि पाठलाग कलम ७८ मध्ये. कलम ७८ मध्ये स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही पुनःपुन्हा मागे येऊन संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे महत्त्वाचे ठरते. म्हणून ‘माझ्या मागे येऊ नकोस’ हे वाक्य एकांतात पुटपुटण्यापेक्षा चार माणसांसमोर मोठ्याने उच्चारलेले बरे, कारण पुढे तीच माणसे साक्षीदार होतात. या एका बाबतीत मी काजळीकाठ यांच्या बाजूने आहे.

गाडीच्या क्रमांकातले एमएच ०८ आणि पुढची अक्षरे निसटली तरी शेवटचे चार अंक धरावेत आणि लगेच फोनमध्ये स्वतःच्या आवाजात नोंदवावेत. त्या क्षणी मदत हवी असेल तर ११२ आहे. हद्द आमची नाही, असे सांगून ठाण्यातून परत पाठवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही तक्रार देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. आणि या कलमांखाली स्त्रीने दिलेली माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर २०१२ चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदाही लागतो.

कुवारबावची भाडेकरू :
मी नोकरीसाठी घाटावरून इथे आले आहे. काजळीकाठताईंचा उपाय इथल्या मुलींना ठीक आहे; त्यांच्या आडनावावरून वाडी कळते आणि वाडीवरून माणसे. मला रिक्षा थांब्यावरचे लोक ओळखतात ते ‘ती बाहेरची सायकलवाली’ म्हणून, आणि बाहेरचीच्या मागे कोणी गेले तर त्याचा बाप कोण, हे काढत कोणी बसत नाही. माझी पाळी रात्री साडेनऊला सुटते. तेव्हा कोणाला ओळख करून द्यावी?

काजळीकाठ :
पहिले आठ-दहा दिवस थांब्यावर दोन मिनिटे थांबावे, कुठे काम करता आणि कधी सुटता ते सांगून ठेवावे. आमच्याकडची माणसे चौकशी फार करतात, पण एकदा आपली मानली की उठून मागे येतात.

सड्यावरचा :
सुटण्याची वेळ आणि कामाचे ठिकाण रिक्षा थांब्यावर सांगू नका, एवढी कळकळीची विनंती. तिथे दहा जण ऐकतात आणि त्यातला अकरावा कोण, ते कळत नाही. सांगायचेच असेल तर रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या एखाद्या औषधाच्या किंवा किराणा दुकानातल्या बाईंना सांगा, आणि त्यांचा फोन क्रमांक घ्या. साडेनऊच्या पाळीला सोबत कोणी नसेल, तर त्या आठवड्यापुरती सायकल कामाच्या ठिकाणीच कुलूप लावून ठेवा आणि रिक्षाने या.

कुवारबावची भाडेकरू :
रिक्षाचे भाडे पगारातून जाते, सायकलचे जात नाही. किराणा दुकानातल्या बाईंना मात्र उद्याच विचारते.