१३ मार्चच्या दिनविशेषात एक थाप घालायची आहे, कशी घालू?

फलकवाली:
वर्गाच्या फलकावर मी रोज विज्ञानाचा दिनविशेष लिहिते. १३ मार्चला खऱ्या नोंदींत एक रचलेली नोंद मिसळायची आणि ती मुलांनी हुडकायची, असं ठरवलंय. खऱ्या दोन: १७८१ साली विल्यम हर्शेलला बाथमधून युरेनस दिसला, आणि १९३० साली लॉवेल वेधशाळेने तिथल्या क्लाइड टॉमबॉने लावलेला प्लूटोचा शोध जाहीर केला. थाप म्हणून 'क्लाइड टॉमबॉने प्लूटो नुसत्या डोळ्यांनी पाहिला' असं चालेल?

गच्चीवरचा:
नको. ही थाप नाही, चुकीची माहिती आहे, आणि एखादं मूल नेमकं तेवढंच लक्षात ठेवेल. टॉमबॉने जानेवारी १९३० मधल्या दोन रात्रींच्या काचेच्या फोटोप्लेटा आळीपाळीने बघत, जागा बदललेला एक ठिपका हेरला. असल्या चिकाटीवर खोटं लिहायला माझा तरी हात धजणार नाही.

थाप वाचताच हसू यावं, पण खोडायला विज्ञान लागावं. उदाहरणार्थ: 'युरेनसने १७८१ मध्ये प्लूटोला निरोप धाडला, मी सापडलो! निरोप पोचायला १४९ वर्षं लागली, म्हणून प्लूटो १९३० मध्ये पुढे आला.' मुलं लगेच प्रकाशाचा वेग काढतील. सूर्याचा प्रकाशसुद्धा तिथे साधारण साडेपाच तासांत पोचतो!

धूमकेतू:
खऱ्या नोंदीही थापेसारख्या निवडा. हर्शेलला युरेनस आधी धूमकेतूच वाटला होता. पुढे त्याने ग्रहाला राजा तिसऱ्या जॉर्जचं नाव सुचवलं. आणि १६९० मध्येच खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीडने त्याला वृषभेतला तारा समजून नोंदवून ठेवलं होतं. पैज लावतो, मुलं जॉर्जवरच बोट ठेवणार.

फलकवाली:
टॉमबॉची ओळ पुसली, निरोपाची घेते. पण फलकाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर जातो. तिथे कुणी खरं मानलं तर?

गच्चीवरचा:
ग्रहाला बोलतं ठेवा, म्हणजे तेवढीच ओळ कापून पुढे गेली तरी बातमी म्हणून खपणार नाही. आणि दोन्ही शोधांची तारीख एकच कशी, हे कुणीतरी विचारेलच. प्लूटो सापडला १८ फेब्रुवारीला. घोषणा मुद्दाम १३ मार्चला केली, कारण युरेनस त्या दिवशी सापडला होता आणि वेधशाळेचा संस्थापक पर्सिव्हल लॉवेलचा जन्मही १३ मार्चचाच, १८५५ चा. हे उत्तर दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा.