मदत हवी आहे: येवल्याच्या हातमागावरचे पैठणी स्टोल जर्मनीला पाठवायचे आहेत

नमस्कार मंडळी,

आमचं घर येवल्याचं. चार हातमाग, विणणारे आई, बाबा, काका आणि शेजारच्या वहिनी. मी पुण्यात नोकरी करते, हिशेब आणि फोन माझ्याकडे. आजवर माल गावातल्या दुकानदारालाच जायचा. गेल्या महिन्यात जर्मनीतल्या एका लहान दुकानाने आमचा पैठणी स्टोल पसंत केला आणि 40 नग मागितले, तेही दोन महिन्यांत.

आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड) काढून झाला आहे. पहिली अडचण रंगाची. त्यांना चाचणी अहवाल हवाय. युरोपात ॲझो रंगांतून (एक प्रकारचे कृत्रिम रंग) सुटणाऱ्या 22 अमाइनांवर (आरोग्याला घातक रसायनं) बंदी आहे, किलोमागे 30 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. आमच्या लडी गावातच रंगवल्या जातात आणि रंगारीकाकांना डब्यावरच्या नावापलीकडे काही माहीत नाही. प्रत्येक रंगाची चाचणी वेगळी करावी लागते का? रंगवण्याआधी नुसती रंगाची पूड तपासून भागतं का?

दुसरं, एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा कस्टमचा आकडा. कापड म्हणून 5007 लावायचा की तयार स्टोल म्हणून 6214? कुरिअरवाला एक सांगतो, कस्टम एजंट दुसरंच.

पण झोप उडवलीय ती मुदतीने. बांगडी मोर (बांगडीसारख्या गोलात मोर असलेली नक्षी) भरताना बाबा प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी कांडी) घेतात. हिरवा संपून जांभळा सुरू होतो तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून माघारी फिरवतात. म्हणून तर आमच्या पदराची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते. हे काम घाईने होत नाही. एक दलाल म्हणाला, "जॅकार्डवर काढा, तिकडे कुणाला कळतंय?" (जॅकार्ड म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणारं मागावरचं यंत्र.) बाबा काही बोलले नाहीत, उठून मागावर जाऊन बसले. पैठणीला जीआय (ठरावीक भागातल्या अस्सल मालालाच ते नाव लावता येतं अशी नोंदणी) आहे, ते नाव लावून मला असला माल पाठवायचा नाही, आणि विणणाऱ्यांची मजुरीही कापायची नाही.

ज्यांनी हातमागाचा माल बाहेर पाठवलाय त्यांना विचारते: 10-10 नगांचे हप्ते करारात कसे लिहून घेता? आगाऊ रक्कम किती मागणं रास्त ठरतं? रेशमाची खात्री म्हणून सिल्क मार्कचं लेबल तिकडचे ग्राहक मानतात का, की आणखी काही जोडावं लागतं?

शुक्रवारी त्यांना उत्तर द्यायचंय. स्टोलच्या दोन्ही बाजूंचे फोटो पहिल्या प्रतिसादात टाकते.