जुन्या नाशकात गल्लीचं स्वतःचं आग-पथक हवं की नको?

दहीपुलावरचा:
भद्रकाली, दहीपूल, सराफ बाजार. इथल्या बोळांत मोठा बंब शिरत नाही, हे कुणाला सांगायला नको. शिंगाडा तलावावरच्या अग्निशमन केंद्रातून गाडी निघते, पण अडते ती शेवटच्या वळणावर. म्हणून दर दोन-तीन गल्ल्यांमागे रहिवाशांचं पथक हवं, बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात उभं केलं तसं. त्या 'युनियन फायर कंपनी'चा करार बघा. प्रत्येक सभासदाने स्वखर्चाने दोन कातडी बादल्या आणि चार जाड कापडी पिशव्या ठेवायच्या. बादल्या पाण्याला, पिशव्या सामान भरून बाहेर काढायला. मासिक बैठकीला दांडी मारली की दंड, आणि दंडाच्या पैशातून पंप, शिड्या, छप्पर ओढायचे लोखंडी आकडे. माणसं वाढली तेव्हा तीच कंपनी फुगवली नाही, नव्यांना दुसरी काढायला सांगितली. आपल्याकडे गणेश मंडळं आहेतच. पोरं, वर्गणी, खोली, सगळं आयतं.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
फ्रँकलिनपाशी थांबलात आणि पुढची सव्वाशे वर्षं गाळलीत! त्याच फिलाडेल्फियात या कंपन्यांच्या टोळ्या झाल्या. आधी कोण पोचलं, हायड्रंट (बंबाला पाणी देणारा रस्त्यावरचा नळ) कुणाचा, यावरून भर रस्त्यात हाणामाऱ्या. १८५३ मध्ये सिनसिनाटीने वाफेचे बंब आणि पगारी दल आणलं. १८७१ मध्ये फिलाडेल्फियानेही स्वयंसेवकांना रामराम ठोकला. हातपंपाच्या दांड्याला दोन्हीकडून माणसांची रांग लागायची, काही मिनिटांत दमायची, लगेच बदली हवी. वाफेच्या बंबाला बॉयलर कळणारी मोजकी माणसं पुरली. गर्दीचं कामच उरलं नाही. आणि मंडळांचं म्हणाल तर, मिरवणुकीच्या क्रमावरून ज्यांचं जमत नाही ते एका हायड्रंटवर जमवून घेणार?

गोदातीर:
सातपूरवाले, हातपंप गेले, स्वयंसेवक गेलेले नाहीत. चिलीत १८५१ साली वल्पाराइसोत सुरुवात झाली, तिथलं अग्निशमन आजही स्वयंसेवकांवरच चालतं. जर्मनीत मोठ्या शहरांना पगारी दल आणि गावोगाव स्वयंसेवक, तेही रीतसर प्रशिक्षण घेतलेले.

पण दहीपूलकर, बादल्यांनी वाडा विझत नाही. सागवानी तुळया, लाकडी जिना, दोन वाड्यांत एकच सामाईक भिंत. आग चौकात दिसते तोवर माळ्यावरून शेजारी गेलेली असते. त्यात मातीच्या भिंतीवर भरमसाट पाणी मारलं की भिंत पाणी पिते, जड होते आणि आग विझल्यावर बसते. आकडे त्यासाठीच असायचे: पाणी कमी, मधलं छप्पर ओढून आगीची वाट तोडणं जास्त.

पथकाला झेपेल असं साधन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला स्टिरप पंप. एक पाय आधारावर, पंप बादलीत. एकाने पंप मारायचा, एकाने नळी धरायची, एकाने बादल्या भरून आणायच्या. मिनिटाला सहा-सात लिटर पाणी जातं. गादी, पडदा, लाकडाचा ढीग एवढ्याला पुरे.

कपलिंग_६३:
स्टिरप पंपाचं समजू शकतो. पण पथक निघालं की वर्षभरात कुणीतरी पोर्टेबल पंप घेणारच, आणि गोची तिथे होते. मिनिटाला २७५ लिटरचा पंप गोदेकाठी लावला तर पाण्याची पातळी पंपाच्या खाली सात मीटरच्या आत हवी. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवरच्या नाशकात हवेचा दाब कमी, त्यामुळे त्यातलंही अर्ध्या मीटरहून जास्त कमी धरा. गाळणी फूटभर बुडालेली नसेल तर भोवरा होऊन पंप हवा ओढतो. वर पानवेली अडकतात. सक्शनचा (पाणी ओढणाऱ्या नळीचा) एक वॉशर वाळलेला असला तरी प्रायमिंग, म्हणजे हवा काढून पंपात पाणी भरणं, होत नाही, इंजिन नुसतं ओरडत राहतं.

६३ मिलिमीटरची पंधरा मीटर होज (बंबाची नळी) पाण्याने भरली की आतलं पाणीच ४७ किलोच्या आसपास. बोळात ती वळवायला दोघे लागतात. घाईत जोडणीची मेल-फिमेल टोकं उलटी पसरली तर अख्खी लाइन फिरवावी लागते. वापरून ओलीच गुंडाळली की कॅनव्हास कुजतो, आणि ते कळतं पुढच्या आगीत. होज उभी टांगून वाळवायला जागा लागते. मंडळाच्या खोलीत मूर्तीचे साचे आणि ताशे, होज कुठे टांगणार?

दहीपुलावरचा:
पोर्टेबल पंप मी मागितलेलाच नाही. पहिली दहा मिनिटं मागतोय. १०१ ला फोन करून नेमकी खूण सांगणं, बोळाच्या तोंडावरच्या दुचाकी हटवणं, जिन्याखालचा मेन स्विच पाडणं (वीज चालू असताना पाणी नाही म्हणजे नाही), गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून तो बाहेर आणणं, म्हाताऱ्यांना खाली उतरवणं. आणि आग विझवायचे सहा किलोचे एबीसी पावडरचे सिलिंडर, दाबाचा काटा हिरव्यात आहे का ते दर महिन्याला बघून.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
गॅसची टाकी आधीच तापलेली असेल तर? ती उचलायला जाणारा तुमचाच पोरगा असणार. १९४४ च्या १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत होता. तिथे गेलेले ६६ अग्निशामक पगारी आणि शिकलेले होते, तरी मेले. तुमच्या पथकातला भाजला तर विमा कुणाचा?

गोदातीर:
म्हणूनच वेगळी कंपनी नको, १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याखाली नोंदणी करून उभं राहा. हुकूम दलाचा, बंब आला की पथक मागे. आणि तापलेल्या टाकीला हात लावायचा नाही, गल्ली रिकामी करायची, हे पहिल्याच दिवशी घोकून घ्या.

कपलिंग_६३:
नोंदणीआधी एक करा. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून 'ब' नमुन्याचं, म्हणजे इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. सराफ बाजारातल्या व्यापारी इमारतींपैकी किती जणांकडे ते आहे, आणि हायड्रंट असेल तिथे व्हॉल्व्ह उघडल्यावर पाणी येतं का, एवढं बघून या. मग पथकाचं बोलू.