जिम्पमध्ये बॅनर केला पण अक्षरं धुरकट येतायत, काय चुकतंय?

निळीशाई
नमस्कार मंडळी, ग्राफिक वगैरे माझा प्रांत नाही पण आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपच्या पेजसाठी बॅनर करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय (मीटिंगला दांडी मारली होती, त्याचं फळ). जिम्प (फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर) २.१० वापरतेय. एक फोटो, त्यावर डावीकडे ग्रुपचं नाव मोठं आणि त्याखाली एक बारीक ओळ, बस एवढंच करायचंय.

तर झालं असं की सुरुवातीला अंदाजपंचे ६०० बाय २०० पिक्सेलचा कॅनव्हास घेतला, सगळं मस्त बसवलं आणि मग कळलं की पेजला १५०० बाय ५०० लागतो. म्हणून इमेज मेनूत जाऊन स्केल इमेज केलं. आता अक्षरं अशी दिसतायत की चष्मा काढून बघतेय असं वाटावं. म्हटलं नुसती अक्षरं परत टाईप करू, म्हणून टेक्स्ट टूल घेऊन क्लिक केलं तर एक खिडकी आली, हा टेक्स्ट लेयर (अक्षरांचा थर) दुसऱ्या टूलने बदललाय वगैरे वगैरे, मी नीट न वाचता एडिट दाबलं आणि अक्षरं टुणकन परत पिटुकली झाली!! कंट्रोल झेड मारून परत धुरकटवर आले.

अजून एक. नाव लाल रंगात आहे आणि मागे निळं आकाश. जिम्पमध्ये कडा बऱ्या दिसतात पण जेपेग केलं की लाल रंग बाहेर सांडल्यासारखा दिसतो. क्वालिटी ९० ठेवलीये. कुठेतरी वाचलं म्हणून रिझोल्यूशन ७२ चं ३०० पण केलं, ढिम्म फरक नाही. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचाय, कुणीतरी वाट दाखवा.

रिकामटेकडा
कशाला एवढा खटाटोप, ऑनलाईन टेम्प्लेटवाल्या साईट्स आहेत की ढीगभर, फोटो टाका, नाव टाका, पाच मिनिटांत मोकळे.

निळीशाई
तेच केलं होतं आधी, पण मला हवा तो फॉन्ट तिथे नाही आणि आता इतका वेळ घातलाय तर शिकूनच सोडेन म्हणते.

कर्सरकाका
रिझोल्यूशनचं आधी सांगतो कारण त्या ३०० च्या नादात बरेच जण फुकट जातात. तो आकडा छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे याची नुसती चिठ्ठी आहे. १५०० पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० ला छापलं तर ५ इंच, ७२ ला छापलं तर जवळपास २१ इंच, पण पिक्सेल तेवढेच. स्क्रीन त्या चिठ्ठीकडे बघतसुद्धा नाही, म्हणून तुला फरक दिसला नाही.

आता धुरकटपणा. ६०० गुणिले २०० म्हणजे १ लाख २० हजार पिक्सेल. १५०० गुणिले ५०० म्हणजे साडेसात लाख. मधले सव्वासहा लाखांच्या वर पिक्सेल जिम्पने आजूबाजूचे रंग बघून अंदाजाने भरले. आकाशात ते खपून जातं, ढगाची कड थोडी मऊ झाली तर कुणाला कळतंय, पण अक्षराची कड म्हणजे इकडे लाल तिकडे निळा असा एकदम तुटक बदल असतो आणि तिथे मधला रंग भरला की झालंच ते पुसट.

आणि ती खिडकी. स्केल इमेज केलंस तेव्हा टेक्स्ट लेयरचं नुसतं चित्र ताणलं गेलं, आत लिहून ठेवलेला फॉन्ट साईज जुनाच राहिला. एडिट म्हटल्यावर जिम्पने ताणलेलं चित्र टाकून दिलं आणि जुन्या साईजने अक्षरं परत काढली. म्हणजे ती पिटुकली झाली ना, ती खरी धारदार अक्षरं होती गं! तिथेच घाबरून कंट्रोल झेड मारायच्या ऐवजी साईज अडीच पट करायचा, ४० असेल तर १००, की काम झालं असतं.

पण फोटोही ताणलेलाच आहे, त्यामुळे माझं ऐकशील तर सरळ नवीन फाईल घे, १५०० बाय ५००. मूळ फोटो ओपन ॲज लेयर्सने आत आण आणि आता लहान कर. लहान करायला काही हरकत नाही, मोठं करण्यातच सगळी गोची आहे. तो लेयर पाहिजे तसा सरकव आणि अक्षरं सगळ्यात शेवटी. बघताना की-बोर्डवर १ दाबून शंभर टक्के झूमवरच बघायचं, कमीजास्त झूमवर खरं काय ते कळत नाही. आणि कंट्रोल एस ने एक्ससीएफ (जिम्पची स्वतःची, लेयर सांभाळणारी) फाईल सेव्ह करत राहा, जेपेग फक्त एक्सपोर्ट करायला. जेपेगमध्ये लेयर राहत नाहीत, उद्या कुणी म्हणालं ओळीत एक काना राहिलाय तर परत पहिल्यापासून.

पिक्सेलपांडू
लाल-निळ्याबद्दल काकांनी काही लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, माझा आवडता विषय आहे 😄

जेपेग उजेड आणि रंग वेगवेगळे साठवतं. उजेड प्रत्येक पिक्सेलचा ठेवतं पण जागा वाचवायला रंग बऱ्याचदा २ बाय २ अशा ४ पिक्सेलना मिळून एकच ठेवतं. माणसाचा डोळा रंगातले बारकावे उजेडाएवढे टिपत नाही म्हणून फोटोत ही लबाडी पकडली जात नाही. पण तुमचा लाल आणि तुमचा निळा उजेडाच्या हिशोबाने जवळजवळ सारखेच असणार, म्हणजे त्या अक्षराची कड फक्त रंगावर उभी आहे आणि नेमका रंगच अर्धवट ठेवलाय. एक्सपोर्टच्या खिडकीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा, सबसॅम्पलिंग (रंग किती पिक्सेलना मिळून ठेवायचा ते) ४:२:० असेल तर ४:४:४ (प्रत्येक पिक्सेलचा वेगळा) करा.

पण खरं सांगू का, मुळात लाल अक्षरं निळ्यावर नकोच. एक गंमत करून बघा, फोटो आणि अक्षरं सकट सगळ्याची कॉपी काढून डिसॅच्युरेट करा, म्हणजे रंग काढून टाका. करड्या रंगात नाव वाचता आलं नाही तर रंगात पण लोकांना त्रासच होणार, आणि ज्यांना रंग कमी ओळखू येतात त्यांचा तर विचारच नको. वेबसाठी जे डब्ल्यूसीएजी (मजकूर सगळ्यांना वाचता यावा यासाठीचे) नियम आहेत त्यात साध्या मजकुराला ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ एवढा उजेडातला फरक मागितलाय, ते आकडे मोजणारी फुकट पेजेस भरपूर आहेत.

पांढरी अक्षरं घ्या. आकाश फिकं असेल तर फोटोच्या वर आणि अक्षरांच्या खाली एक नवीन लेयर घ्या, त्यात काळ्यातून पारदर्शकात जाणारा ग्रेडियंट अक्षरांच्या बाजूने आत ओढा आणि ओपॅसिटी ५० च्या आसपास आणा. फोटो काळवंडलाय असं कुणाला वाटत नाही पण अक्षरं उठून येतात. ते ड्रॉप शॅडो, चमक, उठावदार कडा वगैरे प्रकार कृपया टाळा, एक लावला की दुसरा लावावासा वाटतो.

रिकामटेकडा
हे सगळं वाचून मला माझ्या टेम्प्लेटची किंमत कळली 🙏

वेलांटी
इंकस्केपमध्ये (रेषा-आकारांनी चित्र काढायचं सॉफ्टवेअर) अक्षरं केली असती तर कितीही ताणली तरी फाटत नाहीत हे पण नोंदवून ठेवते. फोटो मात्र तिथेही पिक्सेलचाच राहतो, त्यामुळे या कामाला जिम्प चालेल.

मी आले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. नाव मराठीत आहे का? त्यात ल किंवा श असेल तर नीट बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये आपोआप हिंदी वळणाचे येतात. टेक्स्ट टूलच्या ऑप्शन्समध्ये अगदी खाली लँग्वेज म्हणून एक चौकट आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. तिथे मराठी केलं आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे होतात. माझा अर्धा दिवस गेला होता हे सापडायला.

निळीशाई
वेलांटी, नावात ल आणि श दोन्ही आहेत! केलं आणि खरंच बदलले, मी ओरडलेच.

बाकी रिपोर्ट: नवीन फाईल घेतली, अक्षरं आता कात्रीने कापल्यासारखी आहेत. सबसॅम्पलिंग ४:२:० च होतं. पांढरी अक्षरं आणि काळा ग्रेडियंट पण जमला. आता नवीन रडगाणं. पेजवर चढवून बघितलं तर खाली डावीकडे तो गोल प्रोफाईल फोटो येतो आणि बारीक ओळीची पहिली दोन अक्षरं खातो. शिवाय मोबाईलवर ती ओळ वाचताच येत नाही.

कर्सरकाका
मोबाईलवर तो बॅनर साधारण चौथ्या हिश्श्याचा होतो. तुझी ओळ ३६ ची असेल तर ती ९ ची झाली, कोण वाचणार. एकतर ७० च्या पुढे ने नाहीतर ओळ काढूनच टाक, मला विचारशील तर काढ. आणि नाव उजवीकडे ने. पक्षी कुठे आहे फोटोत?

निळीशाई
पक्षी आत्ता उजवीकडे आहे आणि बघतोय पण उजवीकडेच, बाहेर. मूळ फोटोत बरोब्बर मधे आहे, ४००० रुंदीचा आहे फोटो.

पिक्सेलपांडू
मग लेयर आडवा फ्लिप करून टाका, पक्षी डावीकडे येईल.

कर्सरकाका
फ्लिप केल्यावर तो डावीकडे बसून डावीकडेच बघेल की रे, नावाकडे पाठच.

निळीशाई
आणि फ्लिप तसंही चालणार नाही, त्याच्या पायात रिंग आहे. उलटा केला तर डाव्या पायातली उजव्या पायात जाईल आणि आमच्या ग्रुपमधले लोक बॅनर बघायच्या आधी तेच बघतील.

कर्सरकाका
हाहा, बरं. मग मूळ फोटो परत आण आणि २००० रुंदीचा कर, म्हणजे पक्षी १००० वर आला. आता लेयर ५०० ने डावीकडे सरकव. पक्षी ५०० वर, फोटोची उजवी कड बरोबर १५०० वर, रिकामी पट्टी कुठेच राहत नाही. पक्षी नावाकडे बघतोय आणि त्या गोलाखाली फक्त आकाश. ग्रेडियंट आता उजवीकडून ओढ.

निळीशाई
बसलं!! बारीक ओळ काढली. ग्रुपवर टाकला तर पहिला मेसेज आला, "फोटो कुणी काढलाय, नाव का नाही दिलं?" आता ते कुठल्या कोपऱ्यात घालू?

वेलांटी
बॅनरवर नकोच, पेजच्या माहितीत लिहा.