तैयब मेहतांच्या महिषासुरात देवी आणि असुर वेगळे का करता येत नाहीत?

प्रश्न
तुळजाभवानीच्या मूर्तीत मारणारी कोण आणि मरणारा कोण, याविषयी संभ्रम उरत नाही. आधुनिक भारतीय चित्रकार तैयब मेहतांच्या महिषासुर-चित्रांत मात्र देवीचे अवयव आणि महिषाचे शरीर असे गुंफलेले असते की, हा वध आहे की आलिंगन, हे ठरवता येत नाही. हा निव्वळ रचनेचा भाग आहे, की त्यांना पुराणकथा वेगळ्या अर्थाने सांगायची होती?

प्रतिसाद १
आधी त्यांचा बैल पाहावा, असे मी सुचवेन. देवी त्यांच्या चित्रांत बरीच उशिरा आली. पाय बांधून आडवा पाडलेला बैल १९५०च्या दशकापासून आहे, आणि १९७० साली केलेल्या ‘कूडल’ या लघुपटासाठी त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यातही चित्रीकरण केले. फाळणीच्या दंगलीत मुंबईच्या रस्त्यावर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी तरुणपणी पाहिले होते. ज्याने हे पाहिले आहे, त्याला मरणाऱ्याची बाजू सोडून केवळ विजयाचे चित्र काढणे अशक्य वाटले असावे.

प्रतिसाद २
वरील मत मला पटते, पण रचना आणि अर्थ यांची अशी फारकत करू नये. १९६८ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेल्यावर अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनची चित्रे पाहून ते सपाट, एकसंध रंगक्षेत्रांकडे वळले आणि त्यानंतर कॅनव्हास तिरका छेदणारी कर्णरेषा त्यांच्या चित्रांत आली. छायाप्रकाश काढून टाकला की खोली नाहीशी होते, आणि खोली नसली की कोण वर आहे व कोण खाली, हे डोळ्याला सांगता येत नाही. पुढे १९८४-८५ मध्ये ते शांतिनिकेतनात राहिले. काली आणि महिषासुर हे विषय त्यानंतर ठळक झाले, म्हणजे कथा येण्याआधी तिला पेलणारी चित्रभाषा तयार होती. (२००५च्या लिलावात ‘महिषासुर’ने दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडल्यापासून चर्चा किमतीचीच अधिक होते, याचे वाईट वाटते.)

प्रतिसाद ३
आपल्याकडे शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा पुजला जातो आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी यांनी त्याचा संबंध महिषासुराशी जोडला आहे. देवीने मारलेला आणि गावाने पुजलेला एकच असू शकतो, हे आपल्या लोकपरंपरेला परके नाही. मेहतांनी म्हसोबा डोळ्यांपुढे ठेवला होता, असा माझा दावा नाही. परंतु त्यांच्या चित्रातील असुर देवीच्या स्पर्शाने बदलत असल्यासारखा दिसतो, आणि त्या चित्रांतले अध्यात्म मला तिथेच जाणवते.